आईचं जुनं घर विकून तिच्या सांभाळाची सोय करताना

आई ८२ वर्षांची. कोथरूडमधल्या १९८३ सालच्या सोसायटीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. पहिल्यांदा न्हाणीघरात पडली तेव्हा मुका मार लागला. दुसऱ्यांदा खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तीन जिने तिच्यासाठी कायमचे बंद झाले. दिवसरात्र मावशी ठेवून पाहिल्या. सात महिन्यांत अकरा बदलल्या. शेवटी केअर होमचा विचार सुरू झाला आणि पाठोपाठ प्रश्न आला, दर महिन्याचे पैसे कुठून आणायचे? तिचं कौटुंबिक निवृत्तीवेतन औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स यातच संपत होतं. तिच्याकडे मोठं असं एकच होतं, ते म्हणजे घर.

हा सगळा व्यवहार मी धाकट्या लेकीच्या नात्याने केला. एक भाऊ अमेरिकेत, ताई नाशिकला. आम्ही ज्या क्रमाने गेलो आणि ज्या क्रमाने जायला हवं होतं, त्यात फरक आहे. इथे दुसरा क्रम देते आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आईबापाचं घर त्यांच्या हयातीत विकणं ही वाटणी नव्हे. घर तिचं आहे, म्हणून पैसाही शेवटच्या रुपयापर्यंत तिचा आहे. हे भावंडांनी पहिल्याच दिवशी एकमेकांना मोठ्याने बोलून दाखवावं. मनात धरून चालत नाही.

आधी तिचं राहणं, मग घर

बहुतेक घरांत उलटं होतं. एजंट आधी येतो, जागा नंतर शोधतात. मग खरेदीदाराला ताबा द्यायची तारीख जवळ आली की जिथे खाट रिकामी असेल तिथे आईला नेऊन ठेवतात. असं करू नका. आधी केअर होम ठरवा, महिनाभर तिला तिथे राहू द्या आणि तोवर घराला नुसतं कुलूप असू द्या. आम्ही आईला हवापालटाच्या नावाखाली नेलं नाही. 'इथे रहायला जमतंय का बघू, नाही जमलं तर परत जाऊ' असं स्पष्ट सांगितलं आणि तो शब्द पाळता यावा म्हणून तीन महिने घराला हात लावला नाही. पहिली जागा खरोखरच जमली नाही. दुसऱ्या ठिकाणी ती रुळली. घर आधीच विकून बसलो असतो तर पहिल्याच जागी तिला कसंबसं दिवस काढायला लावले असते.

जागा बघताना वृद्धाश्रम, सीनियर लिव्हिंग आणि केअर होम यांची गल्लत करू नका. धर्मादाय वृद्धाश्रमांत सहसा हिंडतंफिरतं माणूस घेतात. सीनियर लिव्हिंगमध्ये स्वतंत्र खोली किंवा फ्लॅट आणि जेवणखाण मिळतं, पण अंथरुणाला खिळल्यावर काय, याचं उत्तर तिथे आधीच लेखी मागावं लागतं. आम्हाला हवी होती ती उचलून बसवणारी, आंघोळ घालणारी, रात्री कूस बदलणारी जागा. पुण्यात आम्ही पाहिलेल्या अशा जागांचे दर महिना ३० ते ५५ हजारांच्या दरम्यान होते आणि डायपर, औषधं, फिजिओथेरपी बहुतेक ठिकाणी वेगळी.

विचारायचे प्रश्न थोडेच, पण उत्तर कागदावर घ्या. रात्री किती रहिवाशांमागे किती कर्मचारी असतात? दर दरवर्षी किती वाढवतात? अनामत रक्कम किती, परत कधी मिळते, आणि माणूस दोन महिन्यांत गेलं तर किती कापतात? रुग्णालयात हलवावं लागलं तर सोबत कोण जातं? शक्य असेल तर संध्याकाळी सातला, न सांगता जा. सकाळी अकराला सगळ्याच जागा स्वच्छ असतात.

विकल्यावाचून भागेल का, हे एकदा तपासा

भाड्याने देणं हा पहिला पर्याय सुचतो. आमच्या फ्लॅटला २० हजारांच्या आसपास भाडं आलं असतं, तेही रंगकाम आणि प्लंबिंग करून. केअर होमचा खर्च ४५ हजार. दरमहा पंचवीस हजारांची तूट तिघांनी भरायची आणि वर भाडेकरू, गळती, मालमत्ता कर हे सगळं कुणीतरी एकाने बघायचं. ज्या घरात मुलांना ही तूट सहज झेपते तिथे भाडं हाच उत्तम मार्ग, कारण घर शिल्लक राहतं. आम्हाला झेपणार नव्हती.

रिव्हर्स मॉर्गेजबद्दल लोक हमखास विचारतात. साठीच्या पुढच्यांना घर तारण ठेवून बँक दरमहा पैसे देते, ही योजना आपल्याकडे २००७ पासून आहे. पण तिची मुख्य अटच अशी की कर्जदाराने त्याच घरात राहायला हवं. कायमचं बाहेर पडलं की कर्ज फेडीला येतं. म्हणजे केअर होमला जाणाऱ्या माणसासाठी ती नाही.

तिची सही, तिचं मन

या टप्प्यावर घाई केली तर पुढे सगळं अडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आईची बुद्धी शाबूत असेल तर तिला सगळा हिशेब समोर बसून सांगा. केअर होमचा खर्च किती, घराचे किती येतील, ते किती वर्षं पुरतील. माझी आई पहिल्या वेळी काहीच बोलली नाही. दुसऱ्या वेळी तिने विचारलं, 'देव कुठे जातील?' तिसऱ्या वेळी तिने स्वतःच एजंटची चौकशी केली. होकार असा तीन खेपांत आला. एका संध्याकाळी उरकायची ही गोष्ट नाही.

विस्मरण सुरू झालेलं असेल तर मात्र कायद्याचं घड्याळ चालू आहे असं समजा. पुष्कळांना वाटतं की आत्ता कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून ठेवलं की पुढे काहीही झालं तरी मुलगा सही करू शकेल. तसं नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याचं मन शाबूत राहिलं नाही की त्याने दिलेला अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, नेमका त्याच दिवशी ते निरुपयोगी होतं. आई शाबूत असून नुसती हलू शकत नसेल, तर कुलमुखत्यारपत्र चांगलं. ते नोंदणीकृत करा. आईवडील, मुलं, भावंडं अशा जवळच्या नात्यात मोबदला न घेता दिलेल्या पत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, परक्याला विक्रीचा अधिकार दिला तर विक्रीइतकंच शुल्क लागतं. आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर 'विकलं' जात नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

सौम्य विस्मरण असेल आणि व्यवहार तिला कळत असेल, तर सहीच्या आधी त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडून किंवा वृद्धविकारतज्ज्ञाकडून 'व्यवहार समजण्यास सक्षम' असा दाखला घ्या. सहीच्या वेळी वकील तिला प्रश्न विचारत आहेत आणि ती उत्तरं देते आहे, याचं चित्रीकरण ठेवा. कुटुंबात कुणाचाही संशय नसला तरी ठेवा, कारण संशय सहसा नंतर येतो.

डिमेन्शिया पुढे गेला असेल तर तिच्या सहीचा अर्थ राहत नाही आणि मुलांनाही आपोआप अधिकार मिळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमण्याची तरतूद नाही आणि १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. अशा वेळी उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी मिळवावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या आणि डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी अशा नेमणुका केल्या आहेत. त्यासाठी वैद्यकीय कागद, सगळ्या वारसांची संमती आणि पैसा रुग्णासाठीच वापरू अशी हमी लागते. महिने जातात. तोवर केअर होमचा खर्च कुणी उचलायचा, हे भावंडांनी आधी ठरवा. अंगठा घेऊन काम भागवू, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

घर नक्की कुणाच्या नावावर

आमचा फ्लॅट बाबांच्या नावावर होता. ते गेल्यावर आई नॉमिनी म्हणून सोसायटीची सभासद झाली आणि आम्ही सगळे समजून चाललो की घर आईचं झालं. वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, 'नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.' सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीत तर हे स्पष्टच आहे. वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे हिंदू वारसा कायद्याने आई, मी, ताई आणि दादा असे चौघे समान हिस्सेदार. आजी, म्हणजे बाबांची आई, हयात असती तर तिचाही हिस्सा असता. तुमच्याकडेही शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव बघून निश्चिंत होऊ नका. ते नाव कसं चढलं, ते बघा.

यावर दोन मार्ग. सगळ्या वारसांनी विक्रेते म्हणून सह्या करायच्या, किंवा मुलांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं. मोबदला न घेता सहवारसाच्या नावे केलेल्या अशा हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र, पण नोंदणी हवीच. पैसा आईसाठी असेल तर हक्कसोडपत्रच करावं, असं माझं ठाम मत आहे. मालक एक, पॅन एक, बँक खातं एक. परदेशातला भाऊ विक्रेता म्हणून सहीला आला तर खरेदीदाराला त्याच्या हिश्शावर अनिवासी म्हणून जास्त दराने टीडीएस, म्हणजे किमतीतूनच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागतो, ५० लाखांखाली टीडीएस नाही ही एरवीची सूट तिथे लागू नाही आणि असे व्यवहार पाहून खरेदीदार मागे हटतात.

दादा सुट्टी घेऊन येऊ शकत नव्हता. त्याने तिकडच्या भारतीय वाणिज्य दूतावासात ताईच्या नावे कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवलं. असा कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकीट आलं त्या दिवसाची नोंद ठेवा.

एक मोह टाळा. सोयीसाठी म्हणून घर आईकडून एका मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून घ्यायचं आणि मग त्याने विकायचं. त्या क्षणी पैसा कायद्याने त्या मुलाचा होतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली परत मागता येते. पण आईला न्यायाधिकरणासमोर उभं करण्यापेक्षा ती वेळच येऊ देऊ नये.

कागदांची पिशवी

बाबांनी सगळे कागद एका लोखंडी कपाटात, सुतळीने बांधून ठेवले होते. तरी दोन गोष्टी सापडल्या नाहीत. विकायला काढायच्या महिनाभर आधीच ही पिशवी पूर्ण करा: बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा, नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची आणि विजेची चालू पावती, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, मृत्यूचा दाखला, हक्कसोडपत्र, जमिनीची मिळकत पत्रिका किंवा सातबारा.

जुन्या करारनाम्यावर पाच-दहा रुपयांचा मुद्रांक दिसला तर घाबरू नका. महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या करारनाम्याला खरेदीखतासारखं शुल्क १० डिसेंबर १९८५ पासून लागू झालं, त्याआधीच्या कागदाला त्या काळचा नियम. मूळ करारनामा हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत. खरेदीदाराच्या बँकेला याशिवाय चालत नाही. मालकी हक्काचा शोध अहवाल आपणच वकिलाकडून आधी करून ठेवला तर घासाघीस कमी होते. आमच्या सोसायटीचं अभिहस्तांतरण झालेलं नव्हतं, म्हणजे जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. पुण्यात असं खूप ठिकाणी आहे. विक्री त्याने अडत नाही, पण लपवू नका.

मोझॅकच्या फरशीचं काय करायचं

नातेवाइकांचा सगळ्यात जास्त सल्ला इथे मिळतो. 'टाइल्स घाला, किचन मॉड्युलर करा, दहा लाख जास्त येतील.' मी ठामपणे सांगते, करू नका. चाळीस वर्षांचा फ्लॅट घेणारा माणूस पहिल्याच महिन्यात भिंतीपर्यंत सगळं उचकटतो. त्याला आपल्या टाइल्स नको असतात, आपला भाव कमी हवा असतो. चार लाखांचं काम करायचं, आईच्या पैशातून करायचं, आणि त्याने ते फोडून टाकायचं.

करायचं ते एवढंच. न्हाणीघराची गळती बंद करा, कारण खालच्या मजल्यावर ओल उतरलेली असेल तर भांडण खरेदीदारासमोर होतं. उघड्या वायरी आणि जुना फ्यूज बदलून एमसीबी बसवा. पांढरा चुना किंवा साधा डिस्टेंपर. बंद पडलेले नळ, खिडक्यांच्या कड्या. प्रत्येक खोलीत चांगला दिवा. आमचा एकूण खर्च पन्नास हजारांच्या आत राहिला. त्यातला सगळ्यात उपयोगी खर्च म्हणजे माळे रिकामे करून घराचा वास घालवणं. बंद घराचा दमट वास माणसाला दारातूनच परत पाठवतो.

रिकामं करणं हे एका रविवारचं काम नाही. आम्हाला सहा शनिवार लागले. पहिले दोन शनिवार काहीही टाकायचं नाही, फक्त कागद शोधायचे, असं ठरवलं आणि ते फळलं. पितळी डब्यात, रद्दीत, गीतेच्या पोथीत, साडीच्या घडीत ठेवी निघतात. आम्हाला पोस्टाची जुनी प्रमाणपत्रं आणि एका कंपनीचे कागदी शेअर मिळाले. विसरलेल्या बँक ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे. दावा न केलेल्या लाभांशाचे शेअर सात वर्षांनी गुंतवणूकदार शिक्षण निधीकडे जातात, तिथून परत मिळवता येतात. लॉकर असेल तर तो बंद करायच्या आधी आईला व्हीलचेअरवर एकदा नेऊन आणा.

मग आईने स्वतः वाटलेल्या वस्तू. तिला फोटो काढून मोबाइलवर दाखवत गेलो आणि तिने सांगितलं, तांब्या कुणाला, नऊवारी कुणाला, शिलाई मशीन खालच्या वॉचमनच्या बायकोला. ती वाटणी तिनेच केली म्हणून कुणी कुरकुरलं नाही. केअर होममध्ये तिची खुर्ची, तिची गोधडी, भिंतीवरचं घड्याळ आणि देवघरातले तीन देव गेले. बाकीचे टाक ताईकडे. उरलेलं सामान शेवटच्या दोन शनिवारी भंगारवाल्याला. औषधांच्या जुन्या बाटल्या मात्र वेगळ्या टाका आणि बँकेचे कागद फाडून.

भाव

एजंट सांगेल तो भाव नव्हे आणि शेजारी सांगतील तोही नव्हे. तीन आकडे शेजारी शेजारी लिहा. पहिला, रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराचा. दुसरा, तुमच्याच इमारतीत किंवा रस्त्यावर गेल्या वर्षभरात नोंदलेल्या विक्रीचा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधता येतात, त्यात मोबदला लिहिलेला असतो. तिसरा, चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, स्वतः मोजून काढलेला. जुन्या करारनाम्यात बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलेलं असतं आणि ६५० फुटांचं घर मोजल्यावर ५२० भरतं.

रेडी रेकनरचं मूल्य विक्रीच्या भावाच्या ११० टक्क्यांहून जास्त भरत असेल तर आयकर खातं कर मात्र सरकारी मूल्यावर धरतं आणि खरेदीदारालाही फरकावर कर लागू शकतो. म्हणून त्या रेषेखाली जाणारा व्यवहार करू नका.

जुन्या इमारतीत पुनर्विकासाची चर्चा असतेच. 'थांबा, नवीन फ्लॅट मिळेल, दुप्पट भाव येईल.' ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. पण संमतीपासून चावी हाती येईपर्यंत कित्येक वर्षं जातात. विकसन करार नोंदवून झालेला असेल तर त्याची प्रत घ्या, त्यातलं भाडं आणि कॉर्पस, म्हणजे सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम, मोजा आणि त्या हक्कासकट विका किंवा थांबा. बैठकीत नुसती बोलणी चालू असतील तर ८२ वर्षांच्या माणसाच्या केअरचा खर्च त्या बोलण्यांवर टांगू नका. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी लागते. तो अहवाल सोसायटीकडून मागून घ्या, खरेदीदाराची बँक तो विचारतेच.

गिऱ्हाईक ते नोंदणी

एजंट साधारण दोन टक्के सांगतात, एका टक्क्यावर येतात. घर कुणाला दाखवायचं ते दिवस ठरवून द्या आणि आई अजून घरात असेल तर तिच्यासमोर भिंती ठोकून बघणाऱ्यांना आणू नका.

रोखीचा विषय निघेलच. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. घेणारी इथे आई आहे. तिच्या नावावर दंड ओढवून घेण्याइतकं कुणाचंही गिऱ्हाईक महत्त्वाचं नाही. आम्ही दोन गिऱ्हाइकं यावरून सोडली, तिसरं पूर्ण बँकेतून द्यायला तयार झालं.

विसार घ्या, पण पावतीवर लिहा की करारनामा किती दिवसांत आणि मागे हटल्यास काय. ताबा शेवटचा रुपया आईच्या खात्यात आल्यावरच द्यायचा. मुद्रांक शुल्क, पुणे शहरात ७ टक्के, एकट्या महिला खरेदीदाराला ६, आणि जास्तीत जास्त ३० हजार नोंदणी शुल्क, हे खरेदीदाराचं. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर तो १ टक्का टीडीएस कापून आईच्या पॅनवर भरतो. पॅन चालू आहे ना, ते आधी बघा. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार, त्यावरची 'देणगी' सक्तीने मागता येत नाही.

नोंदणीच्या दिवसाचं दडपण आम्ही फार घेतलं. जिने, गर्दी, तासन्‌तास बसणं. मग कळलं की आजारी किंवा अपंग व्यक्तीसाठी दुय्यम निबंधक गृहभेट देतात. वैद्यकीय दाखल्यासह अर्ज आणि वेगळं शुल्क. साहेब केअर होममध्ये आले, आईला तिचं नाव, घराचा पत्ता आणि किती पैसे मिळाले ते विचारलं. तिने रक्कम अचूक सांगितली. म्हाताऱ्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, आईचे चौथ्या खेपेला उमटले. बोटं कोमट पाण्याने धुऊन, किंचित तेल लावून पुसून ठेवा आणि ओळख पटवणारे दोघे हजर ठेवा.

कर

१ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. बोलताना सगळे अजून जुनेच आकडे वापरतात, म्हणून मीही तेच वापरते.

जुनं घर असेल तर खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, पण त्या तारखेच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. समजा ९५ लाखांना विकलं, एजंटचे एक लाख गेले आणि २००१ चं मूल्य ९ लाख. नफा ८५ लाख. १२.५ टक्के कर, त्यावर अधिभार आणि उपकर धरून साधारण १२ लाख १५ हजार. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला, घर २३ जुलै २०२४ च्या आधीचं असेल तर, महागाई निर्देशांक लावून २० टक्के ही जुनी पद्धतही मोजता येते आणि कमी असेल तेवढाच कर. सीएकडून दोन्ही काढून घ्या.

कलम ५४ईसीचे रोखे, म्हणजे आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांसारख्या सरकारी कंपन्यांचे, विक्रीपासून सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत घेता येतात. तेवढ्या नफ्यावर कर नाही, पण पैसा पाच वर्षं अडकतो आणि व्याज सव्वापाच टक्के. मी आकडे मांडून पाहिले. कर वाचवायचा आणि पाच वर्षं कमी व्याज सोसायचं, हे बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा बरं पडतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या ८.२ टक्क्यांशी मात्र जवळपास बरोबरीत सुटतं. म्हणून आधी बचत योजनेत ३० लाखांची मर्यादा भरली, दोन वर्षांचा खर्च मुदत ठेवींत ठेवला आणि उरलेल्यातून रोखे घेतले.

केअर होमला दिलेली अनामत म्हणजे घरखरेदी नव्हे, तिच्यावर कलम ५४ ची, म्हणजे घर विकून दुसरं घर घेतल्यावरची, सवलत मिळत नाही. विक्री प्रतिनिधी तसं सुचवतात. आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या साठीवरच्या निवासी व्यक्तीला आगाऊ कर भरावा लागत नाही. विवरणपत्र भरताना कर भरता येतो, तोवर ती रक्कम वेगळ्या ठेवीत बाजूला ठेवा.

पैसा तिच्या नावावर

सगळी रक्कम आईच्या खात्यात आली आणि तिथेच राहिली. खातं माझ्याबरोबर संयुक्त, पण पहिलं नाव तिचं. महिन्याचे ४५ हजार, औषधं आणि वरखर्च मिळून वर्षाला साडेसहा लाख. खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला आणि पैशावर ७ टक्के मिळाले तर ८० लाख साधारण साडेअकरा वर्षं पुरतात. हा हिशेब तिघांनी बसून केला. आई ९३ वर्षांची होईपर्यंतची सोय आहे, हे पाहून दादाचा आवाज फोनवर पहिल्यांदा मोकळा झाला.

मृत्युपत्र लगेच नवीन करा. जुन्या मृत्युपत्रात 'कोथरूडचा फ्लॅट धाकटीला' असं असेल आणि फ्लॅटच विकला गेला, तर ती देणगी कायद्याने बाद होते. पैशावर ती आपोआप जात नाही. ज्याच्या वाट्याचं घरच उरलं नाही त्या मुलाला काहीच मिळत नाही आणि बाकीच्यांना सगळं, असं नकळत घडतं. आईने सगळं तिघांत समान लिहिलं, दोन साक्षीदार शेजारचे घेतले, मुलं किंवा सुना-जावई नाही.

दर महिन्याच्या पाच तारखेला केअर होमचं बिल आणि बँकेच्या पानाचा फोटो मी दोघांना पाठवते, ते न मागता. आईलाही वाचून दाखवते. दरवर्षी नोव्हेंबरात तिच्या निवृत्तीवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. गेल्या वेळी त्यासाठी ती केस विंचरून, बाबांनी घेतलेलं घड्याळ घालून बसली होती.